बंदरात ठीक, समुद्रात बंद: जुन्या नौकेचं इंजिन उघडण्याआधी डिझेलचा रस्ता तपासा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही राहिलं असेल तर तुम्हाला सांगता येईल. दिवाळीनंतर तुम्ही ३४ फुटी फायबरची जुनी मासेमारी नौका घेतलीत. ट्रकच्या जातीचं, मरीन करून बसवलेलं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. आधीच्या मालकाने ती दोन हंगाम खाडीत ओढून, शाकारून ठेवली होती. घेताना बंदरात तासभर इंजिन चालवून बघितलं: आवाज स्वच्छ, धूर नाही, सकाळी पहिल्या सेल्फला चालू. पण खाडीच्या मुखाबाहेर पडून पूर्ण रेस दिली की अर्ध्या-पाऊण तासाने रेस आपोआप पडते, इंजिन चढउतार करतं आणि बंद होतं. वीस-पंचवीस मिनिटांनी सेल्फ मारला की काही झालंच नाही असं पुन्हा चालू. डिझेल फिल्टर बदलल्यावर एक फेरी नीट गेली, पुढच्या फेरीला तेच. एक मेकॅनिक म्हणतो डिझेल पंप (नोझलना दाबाने डिझेल देणारा) कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याचं माप पुन्हा जुळवून घ्या. दुसरा म्हणतो रिंगा-लायनर, म्हणजे पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरचं अस्तर गेलं, दीड लाख धरून चाला. कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय.

सध्या दोघांचंही नको. कोकण किनाऱ्यावर नौकांची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात माझी उमर गेली आहे, आणि उभ्या राहिलेल्या नौकेबद्दल माझं एक ठाम मत आहे: इंजिन आजारी आहे असं धरण्याआधी त्याला डिझेल, हवा आणि पाणी नीट मिळतंय का आणि पाण्यातला पंखा (प्रॉपेलर) त्याच्यावर किती ओझं टाकतोय, हे बघायचं. तुमच्या लक्षणांवरून माझा पहिला संशय डिझेलच्या टाकीवर आणि टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीवर आहे. नौका समोर नसताना मी खात्री देत नाही. पण तुम्हीच दोन दिवसांत, फार खर्च न करता, खात्री करून घेऊ शकाल.

रिंगा-लायनरचं मला का पटत नाही ते सांगतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा साधारण १६-१७ पट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. रिंगा झिजल्या की दाब गळतो, आणि ते सगळ्यात आधी कळतं सकाळच्या थंड इंजिनावर. दोन-तीनदा सेल्फ मारावा लागतो, सुरुवातीला पांढरा धूर येतो, चालू झाल्यावर निळसर धूर आणि ऑईल खाणं. तुमचं इंजिन पहिल्या सेल्फला उठतंय. तरी मन शांत होण्यासाठी एक करा: इंजिन गरम असताना, कमी रेसवर, ऑईल भरायचं झाकण जपून उघडा. भकाभका धूर आणि हवेचा जोर आला तर रिंगांबद्दल बोलू. थोडी वाफ दिसणं नेहमीचंच आहे. डिपस्टिकही काढून बघा. ऑईल दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी शिरलंय. ऑईलची पातळी आपोआप वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपातून, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपातून, डिझेल खाली उतरतंय. या दोन्हीपैकी काहीही दिसलं तर इंजिन अजिबात चालवू नका, पुढचं सगळं बाजूला ठेवा.

आता तुमच्या प्रश्नातली सगळ्यात बोलकी गोष्ट: थांबल्यावर ते पुन्हा चालू का होतं? झिजलेली रिंग वीस मिनिटांच्या विश्रांतीने भरून येत नाही. विश्रांतीने बरं होणारे दोष मोजकेच असतात. टाकीत डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी गाळ अडकतो, ओढ थांबली की सुटून खाली पडतो. टाकीची हवा खेळायची बारीक नळी बुजलेली असेल तर डिझेल जाईल तशी आत ओढ तयार होते, आणि इंजिन बंद असताना हवा हळूहळू आत शिरली की ती नाहीशी होते. इंजिन तापून आवळतं, थंड झालं की मोकळं होतं. आणि काही पंप गरम झाल्यावर आतल्या झिजेमुळे दाब धरत नाहीत. तुमचा नवा फिल्टर एक फेरी चालला आणि पुन्हा तेच सुरू झालं, म्हणून माझं माप पहिल्या कारणाकडे झुकतं. फिल्टर इतक्या लवकर भरतोय, याचा अर्थ मागून कोणीतरी त्याला सतत घाण पुरवतंय.

ती घाण येते कुठून? तुमच्या नौकेची टाकी दोन पावसाळे अर्धवट भरलेली राहिली असणार. दिवसा टाकी तापते, हवा बाहेर जाते. रात्री थंड होते आणि आपली कोकणातली दमट हवा आत येते. तिच्यातली वाफ टाकीच्या आतल्या बाजूला दवासारखी धरते आणि ओघळते. डिझेलचं एक लिटर साधारण ८२० ते ८४५ ग्रॅम भरतं, पाण्याचं किलोभर, म्हणून पाणी सरळ तळाला बसतं. त्यात भरायच्या झाकणाचं रबर फाटलेलं असेल तर पावसाचं आणि लाटेचं पाणीही उतरतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जीव वाढतात आणि काळपट, बुळबुळीत साय तयार होते. टाकी लोखंडी असेल तर गंजाचे पापुद्रे वेगळेच. नौका बंदरात उभी असते तोवर हे सगळं तळाला निपचित पडून राहतं आणि नळी वरचं स्वच्छ डिझेल ओढते. बाहेर लाटांत नौका हलली की सगळं ढवळून निघतं, आणि चहाच्या गाळणीला चोथा चिकटावा तसं नळीच्या तोंडाला आणि फिल्टरला चिकटतं.

बंदरातल्या चाचणीत हे कळलं नाही याचं दुसरं कारणही समजून घ्या, कारण जुनी नौका घेणारे बहुतेक जण इथेच फसतात. शंभर हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण २० लिटर डिझेल जाळतं. बिनभाराच्या मंद रेसवर त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे नळी तीन चतुर्थांश बुजली असली तरी बंदरात इंजिन कुरकुर करणार नाही. भार दिला की मगच उपासमार सुरू.

समुद्रात जाण्याआधी पहिली चाचणी धक्क्यालाच करा. नौका पुढून-मागून जाड दोरांनी मजबूत खांबांना बांधा, मागे दुसरी होडी किंवा पोहणारी मुलं नाहीत याची खात्री करा, गिअर टाका आणि रेस हळूहळू वाढवा. पंखा पाणी फेकतोय आणि नौका जागेवरच आहे, त्यामुळे इंजिनावर चांगला भार येतो. या वेळी गरमीवर डोळा ठेवा. जुन्या नौकेचं टेंपरेचर गेज बंद असणं फार सर्रास आहे, म्हणून त्यावर विसंबू नका. लांबून तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक मिळते, ती घ्या आणि थर्मोस्टॅटच्या (इंजिनातल्या पाण्याचं तापमान राखणाऱ्या झडपेच्या) घरावर धरा. आत गोडं पाणी फिरणारं इंजिन साधारण ७५ ते ९० अंश दाखवेल. थेट समुद्राचं पाणी फिरणारं इंजिन मुद्दाम थंड, ६० च्या आसपास ठेवलेलं असतं, कारण त्याहून जास्त तापलं तर आत क्षार धरतात. आकडा चढतच राहिला तर चाचणी तिथेच थांबवा. पाणी ओढायच्या व्हॉल्व्हची जाळी, पाण्याच्या पंपाचं रबरी इंपेलर (पात्यांचं चाक) आणि हीट एक्सचेंजर (समुद्राच्या पाण्याने आतलं पाणी थंड करणारा भाग) बघा. दोन हंगाम एकाच जागी दबून राहिलेल्या इंपेलरची पाती वाकून चिरतात. तो मी न बघताच बदलतो. पाती तुटलेली सापडली तर तिचे सगळे तुकडे शोधा, नाहीतर ते पुढे जाऊन एक्सचेंजरच्या तोंडाशी अडकतात.

बांधलेल्या अवस्थेत अर्धा-पाऊण तास भार देऊन इंजिन न तापता नीट चाललं, आणि तेच बाहेर लाटांत बंद पडत असेल, तर गाळाचा संशय पक्का होत जातो. बांधलेल्या अवस्थेतही बंद पडलं तर उलट सोय झाली. सगळं शोधकाम धक्क्यावरच होईल.

आता मुख्य चाचणी. टाकी पूर्ण बाजूला काढायची आणि इंजिन स्वच्छ डिझेलच्या कॅनवर चालवायचं. ३५ लिटरचा नवा किंवा धुऊन पूर्ण सुकवलेला कॅन घ्या, पेट्रोल पंपावरून ताजं डिझेल भरा, इंजिनापासून दूर, हलणार नाही असा बांधून ठेवा. टाकीकडून येणारी नळी फीड पंपापाशी सोडा आणि तिथे नवी, डिझेलसाठीची पारदर्शक नळी जोडून कॅनमध्ये तळापासून बोटभर वर ठेवा. फिल्टर नवा घाला. आणि परतीची नळी विसरू नका. डिझेल पंप आणि नोझलमधून (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागातून) उरलेलं डिझेल टाकीत परत जातं. ती नळीही कॅनमध्येच सोडली नाही तर कॅन अंदाजापेक्षा फार लवकर रिकामा होईल, इंजिन बंद पडेल आणि तुम्ही चुकीचा निष्कर्ष काढाल. कॅनचं तोंड चिंधीने सैल झाका. बूच घट्ट लावलंत तर बुजलेल्या टाकीचाच प्रकार कॅनमध्ये होईल.

जोडल्यावर एअर, म्हणजे नळ्यांत अडकलेली हवा, काढावी लागेल. हाताच्या प्रायमरने पंप मारा, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल येऊ द्या, मग डिझेल पंपावरचा स्क्रू. तरीही उठलं नाही तर नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून सेल्फ मारा आणि डिझेल आल्यावर आवळा. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही नको. तो दाब कातडी भेदून डिझेल शरीरात घालतो, आणि तसं झालं तर वाट न बघता थेट दवाखाना. आणखी एक सूचना, तुमच्या धुराच्या नळीत समुद्राचं पाणी सोडलेलं असेल तर: इंजिन न उठता सेल्फ वारंवार मारत राहिलात तर पाणी सायलेन्सरमध्ये साठून उलट सिलिंडरमध्ये शिरू शकतं. अशा वेळी सेल्फ मारताना पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि इंजिन उठताच उघडा. वर उभं धुराडं असलेल्या कोरड्या रचनेत ही भीती नाही.

कॅनवर समुद्रात जायचं असेल तर एकट्याने जाऊ नका. सोबत दुसरी नौका, लाईफ जॅकेट, तयार नांगर, आणि वारा पडलेला दिवस. खाडीच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटतात, तिथे इंजिन बंद पडणं सगळ्यात वाईट. म्हणून भरतीच्या वेळी बाहेर पडा आणि चाचणी मोकळ्या पाण्यात करा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये असू द्या, व्हीएचएफ (नौकेवरचा रेडिओ) असेल तर १६ नंबर चॅनेल लावून ठेवा.

कॅनवर इंजिन तासभर दम न टाकता चाललं तर तुमचा दीड लाख वाचला असं समजा. पंप ठीक, नोझल ठीक, रिंगा ठीक. दोष टाकीत किंवा नळीत. तो नेमका कुठे, हे शोधणं सोपं आहे. नळ्या पुन्हा टाकीला जोडा, टाकीचं झाकण सैल करून चालवा. त्याने फरक पडला किंवा झाकण उघडताना फुस्स आवाज आला तर हवेची नळी बुजली आहे. तिच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं मी अनेकदा काढलंय. फरक पडला नाही तर पारदर्शक तुकडा नळीत मध्ये जोडून बघा. बुडबुडे धावताना दिसले तर ओढीच्या बाजूने हवा शिरतेय. ही हवा फार फसवी असते, कारण जिथून ती आत येते तिथून डिझेल बाहेर गळतंच असं नाही. बँजो बोल्टखालचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालचे) तांब्याचे वॉशर, नळीचे क्लिप, फिल्टरचं रबर सगळं नवं घाला. त्यावर पैसे वाचवू नका. जुनी रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून तिचा थर सुटलेला असतो. ओढ वाढली की तो थर आतल्या आत मिटतो. ती बदलूनच टाका.

कॅनवरही तसंच बंद पडलं तर शोध पुढे सरकतो. अशा वेळी बंद कसं पडलं हे फार महत्त्वाचं. खटका दाबल्यासारखं एका क्षणात बंद झालं तर इंजिन बंद करणारी इलेक्ट्रिक सोलेनॉइड (विजेवर चालणारा खटका) आणि तिची वायर बघा. खारी हवा आणि थरथर यांनी तिचं टोक सैल झालेलं असू शकतं. हळूहळू दम टाकत बंद झालं तर फीड पंप अशक्त झालाय का ते बघा. बंद पडायच्या बेतात असताना हाताचा प्रायमर मारून रेस सावरत असेल तर फीड पंप दोषी. हाही स्वस्तातला भाग आहे. आणि इंजिन गरम असताना उठतच नाही, पण डिझेल पंपावर ओला कपडा ठेवून तो निवला की उठतं, असं असेल तर तुमच्या पहिल्या मेकॅनिकचं म्हणणं खरं ठरू शकतं. हा प्रकार गोल, रोटरी जातीच्या पंपात जास्त दिसतो. मात्र कपडा इंजिन बंद असतानाच ठेवायचा. चालू गरम पंपावर गार पाणी ओतलं तर पंप जाम होऊ शकतो.

पंख्याचं थोडक्यात सांगतो. पूर्ण रेस दिल्यावर इंजिन त्याच्या पाटीवर लिहिलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचलं पाहिजे. फार खाली अडकून काळा धूर ओकत असेल तर ते ओझ्याखाली आहे. पंख्याला जाळ्याचा दोर गुंडाळलाय का, तळाला आणि पंख्याला शंखशिंपल्यांचा थर चढलाय का ते बघा. आपल्या कोमट पाण्यात उभ्या नौकेला हा थर काही आठवड्यांत चढतो. कधी कधी आधीच्या मालकाने इंजिन बदललेलं असतं आणि पंखा जुनाच ठेवलेला असतो. इंजिनच्या खोलीत हवा येते का तेही बघा. सहा लिटरचं इंजिन २००० फेऱ्यांवर मिनिटाला जवळपास ६००० लिटर हवा ओढतं, आणि लोक त्या खोलीच्या झरोक्यांवर जाळी आणि ताडपत्री रचतात. झाकण उघडल्यावर रेस सुधारली तर कारण सापडलं. पण तुमच्याकडे काळ्या धुराची तक्रार नाही, म्हणून हे सगळं मी खालच्या क्रमांकावर ठेवतो.

टाकीच दोषी ठरली तर औषधाची बाटली ओतून काम भागवू नका. मेलेली साय पुन्हा फिल्टरमध्येच येते. टाकी पूर्ण रिकामी करा, हात जाईल असं झाकण नसेल तर फॅब्रिकेटरकडून करून घ्या, मात्र डिझेलची वाफ असलेल्या टाकीला जागेवर वेल्डिंग कोणालाही करू देऊ नका. आतून पुसायला सूत सुटणार नाही असा कपडा वापरा. कॉटन वेस्टचे धागे पुढे नळीत अडकतात. ओढीच्या नळीच्या तोंडाला टाकीच्या आत जाळी असेल तर ती मी काढून टाकतो, कारण समुद्रात तिथे हात पोचत नाही. नळीचं तोंड तळापासून इंच-दीड इंच वर ठेवा आणि टाकीबाहेर, सहज हात जाईल अशा जागी, खाली काचेची किंवा पारदर्शक वाटी असलेला वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा) बसवा. रोज निघण्याआधी त्याचा कॉक उघडून पाणी सोडायचं. टाकी धुतल्यावरही पहिल्या काही फेऱ्यांत फिल्टर लवकर भरतील. राहिलेली घाण निघत असते, घाबरू नका, पण दोन जादा फिल्टर आणि ते बदलायचा पाना नौकेत ठेवा. जूनपासून मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत नौका ओढाल तेव्हा टाकी एकतर गळ्यापर्यंत भरा, नाहीतर पूर्ण रिकामी करून सुकवा. अर्धी कधीच नको.

विकणाऱ्याकडे पैसे मागावेत का, हेही तुम्ही विचारलंय. ते तुमच्यात काय लिहून ठरलं यावर आहे. त्याने ठरवून फसवलं असं मला या लक्षणांवरून वाटत नाही, कारण त्याच्या बंदरातही इंजिन असंच गोड चालत असणार. पण त्याला फोन जरूर करा आणि दोन गोष्टी विचारा: ओढून ठेवताना टाकीत किती डिझेल होतं, आणि पंखा या इंजिनाबरोबरच बसवला होता का. नोंदणी अजून त्याच्याच नावावर असेल तर संबंध चांगले ठेवून ती आधी आपल्या नावावर करून घ्या. डिझेल परताव्यापासून विम्यापर्यंत सगळं त्या कागदावर अडतं.

सुरुवात मात्र उद्या सकाळी याने करा: नौका हलवण्याआधी, रात्रभर स्थिर राहिलेल्या टाकीच्या तळाचं अर्धा लिटर डिझेल पारदर्शक बाटलीत काढा आणि तासभर उभं ठेवा. तळाशी पाण्याचा थर किंवा काळी साय किती दिसते, इंजिन क्षणात बंद पडतं की दम टाकत, आणि पडताना धूर कोणत्या रंगाचा येतो, एवढं मला लिहून कळवा. कॅनची चाचणी होईपर्यंत दीड लाखवाल्या मेकॅनिकला थांबायला सांगा.